मोटारीचा विमा आणि नोकरीची वाट

मोटारीचा किंवा स्कूटरचा विमा आपल्याकडे बहुतेक घरी उतरवलेला असतो; पण तो वाचलेला फार थोड्यांनी असतो. एजंट कागद आणून देतो, वडील तो लोखंडी कपाटातल्या फाइलीत ठेवतात आणि वर्षभरानंतर पुन्हा हप्त्याची आठवण होते. विमा म्हणजे न परतणारा पैसा, अशीच सर्वसामान्य समजूत आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला मात्र वाटते की, त्या कागदातली निदान एक ओळ प्रत्येकाने वाचावी. ती ओळ म्हणजे 'वापराची मर्यादा'. वाहन कोणत्या कामासाठी वापरले तर विमा लागू राहील, हे तीत सांगितलेले असते. वर्गातले माझे कन्नड मित्र वापराला 'बळके' म्हणतात. शब्द कोणताही घ्या, विम्याचे निम्मे मर्म त्यात आहे.

या ओळीचे महत्त्व मला कळले ते इंग्लंडातल्या एका प्रश्नामुळे. माझा आत्येभाऊ रेडिंग शहरात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. २०२० पूर्वी तो आठवड्याचे पाचही दिवस मोटारीने कचेरीत जाई. साथीच्या काळात घरून काम सुरू झाले आणि नंतरही ती पद्धत बरीचशी टिकली. आता महिन्यातून एखादे वेळी त्याला जावे लागते. यंदा विम्याचे नूतनीकरण आले तेव्हा कंपनीने त्याला दोन आकडे कळवले. नोकरीच्या जाण्यायेण्यासह ६२० पौंड आणि त्याशिवाय ५९२ पौंड. "तू बी.कॉम. करतोस ना, मग सांग, हे २८ पौंड कशाला भरू?" असे दादाने फोनवर विचारले. प्रश्न साधा दिसला, तरी उत्तर शोधताना विमाशास्त्राची पुष्कळशी तत्त्वे उजळणीस आली.

वापराचे वर्ग

ब्रिटनमध्ये मोटारचालकाने तृतीय पक्षाचा, म्हणजे रस्त्यावरच्या इतर माणसांच्या नुकसानीचा, विमा उतरवणे १९३०च्या रस्ते वाहतूक कायद्याने सक्तीचे झाले. आज तेथे १९८८चा कायदा लागू आहे. तेथील खाजगी मोटारीच्या विम्यात वापराचे वर्ग पाडलेले असतात. पहिला वर्ग 'सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर'. बाजारहाट, पाहुणेमंडळी, सहल, मुलांची शाळा ही कामे यात येतात. दुसऱ्या वर्गात याच कामांना 'कम्यूटिंग'ची जोड असते. कम्यूटिंग म्हणजे घरापासून नोकरीच्या एका कायम ठिकाणी जाणे आणि परत येणे. तिसरा वर्ग धंद्याच्या वापराचा. साहेबांनी दुसऱ्या शाखेत पाठवले, गिऱ्हाइकाकडे जावे लागले, तर तो प्रवास कम्यूटिंगमध्ये बसत नाही. त्यासाठी हा वर्ग लागतो.

नोकरीच्या वाटेला वेगळी किंमत का, असा प्रश्न येथे साहजिक आहे. विमा कंपनी हप्ता ठरवते तो धोक्याच्या अंदाजावर. सकाळी सगळे गाव एकाच वेळी रस्त्यावर उतरते, गर्दी असते, उशीर झाल्याची घाई असते, आणि मोटार दिवसभर परक्या जागी उभी राहते. रविवारी भाजी आणायला निघालेल्या मोटारीपेक्षा हा धोका निराळा. म्हणूनच कंपनी विमेदाराला आधी विचारते, "मोटार कशासाठी वापरता?" आपण दिलेल्या उत्तरावर हप्ता ठरतो. म्हणजेच हप्ता मोटारीचा असतो तितकाच आपल्या सांगण्याचाही असतो.

यालाच आमच्या पुस्तकात परम विश्वासाचे तत्त्व म्हणतात. त्याचे मूळ सांगताना १७६६च्या कार्टर विरुद्ध बोहेम या खटल्याचा आणि न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या निकालाचा उल्लेख हमखास येतो. धोक्याची माहिती विमेदारापाशी असते, कंपनीपाशी नसते. म्हणून ती त्याने लपवू नये, असा त्यातला विचार. ब्रिटनमध्ये सामान्य ग्राहकापुरते हे ओझे २०१२च्या कायद्याने हलके केले. तो कायदा एप्रिल २०१३पासून अमलात आला. आता ग्राहकाने आपण होऊन सगळे सांगत बसण्याची गरज नाही. परंतु कंपनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाजवी काळजी घेऊन खरे दिले पाहिजे.

गणित मांडून पाहू

दादाचा युक्तिवाद असा की, वर्षातून बाराच फेऱ्या, त्याही कधी रेल्वेने. मग प्रत्येक फेरीमागे सव्वादोन पौंडांहून अधिक भुर्दंड का सोसावा? वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु त्याला मी विचारले, "दादा, रेल्वेने जातोस तेव्हा स्टेशनपर्यंत कसा जातोस?" तो म्हणाला, "मोटारीने. तेथेच उभी करतो, संध्याकाळी घेऊन येतो." मेख येथेच आहे. नोकरीसाठी स्टेशनवर मोटार नेऊन उभी करणे हेही तेथील अनेक कंपन्या कम्यूटिंगच मानतात. रेल्वेने जाणारा मनुष्य स्वतःला कम्यूटिंगमधून सुटलेला समजतो. पण विम्याच्या दृष्टीने तो स्टेशनच्या वाटेवरच सापडतो.

आता दुसरी बाजू. कम्यूटिंग काढून टाकले आणि तरीही एखाद्या सकाळी मोटार कचेरीकडे वळवली, तर काय होईल?

एक, त्या वापरापुरता विमा नाही असे ठरू शकते आणि विना-विमा वाहन चालवल्याचा गुन्हा लागू शकतो. पोलिसांनी जागच्या जागी केलेला ठरीव दंड ३०० पौंडांचा असतो आणि लायसेन्सवर ६ गुण चढतात. प्रकरण कोर्टात गेले तर दंडाला वरची मर्यादा नाही. पोलीस मोटार जप्तही करू शकतात. वर्षाला २८ पौंड वाचवणाऱ्याची दहा वर्षांची बचत एका सकाळच्या दंडात जाते.

दोन, अपघात झाला तर स्वतःच्या मोटारीची भरपाई धोक्यात येते. विमा घेतानाच वापराविषयी चुकीचे उत्तर दिले होते असे दिसले, तर २०१२च्या कायद्याप्रमाणे दोन वाटा आहेत. उत्तर जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटे दिले असेल, तर कंपनी विमा मुळातूनच रद्द समजू शकते. केवळ निष्काळजीपणा असेल आणि खरे उत्तर कळल्यावर कंपनीने फक्त हप्ता वाढवला असता, तर भरपाई प्रमाणात कमी करता येते. समजा, नुकसान ६,२०० पौंडांचे आहे. हप्ता ६२० हवा होता, भरला ५९२. मग कंपनी ५,९२० पौंड देईल आणि २८० पौंड खिशातून जातील. येथेही बरोबर दहा वर्षांची बचत! दादाने तर दोन्ही आकडे डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा निष्काळजीपणाचा आधार त्याला कितपत मिळेल, याचा विचार त्यानेच करावा.

तीन, ज्याला धक्का लागला तो तिऱ्हाईत मात्र सहसा वाऱ्यावर सोडला जात नाही. विमा कंपनीमार्फत किंवा १९४६ साली स्थापन झालेल्या मोटर इन्शुअरर्स ब्यूरोच्या व्यवस्थेतून त्याला भरपाई मिळते. परंतु ती रक्कम पुढे चालकाकडून वसूल करण्याचा मार्ग मोकळा राहतो. माणसाच्या इजेची भरपाई मोटारीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. खरा धोका हाच.

दादाच्या घरी आणखी एक बाब होती. वहिनीने मागच्याच वर्षी परीक्षा देऊन लायसेन्स मिळवले. तेथे १९९५च्या कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत ६ गुण चढले, तर लायसेन्स रद्द होते आणि लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. वहिनी आठवड्यातून दोन दिवस एका बालवाडीत कामाला जाते आणि पावसात मोटारच नेते. दादा स्वतःच्या बारा फेऱ्या मोजत होता. वहिनीच्या फेऱ्या त्याच्या हिशेबात आल्याच नव्हत्या! म्हणून विमापत्रात ज्यांची ज्यांची नावे चालक म्हणून आहेत, त्या प्रत्येकापुढे नोकरीचे जाणेयेणे लिहिले आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

मग काढावे केव्हा?

कम्यूटिंग कधीच काढू नये, असे माझे म्हणणे नाही. मनुष्य सेवानिवृत्त झाला, कायमचे घरून काम सुरू झाले, किंवा तो सायकलने, बसने, पायी जातो आणि स्टेशनपर्यंतही मोटार नेत नाही, तर नको असलेल्या वस्तूचे पैसे का द्यावे? कसोटी एकच. 'कमी वेळा जातो' हे कारण पुरेसे नाही. 'कधीच जात नाही' असे म्हणता आले पाहिजे. विम्यात बारा फेऱ्या आणि दोनशे फेऱ्या यांचा वर्ग एकच असतो. शून्य फेऱ्यांचा तेवढा वेगळा.

फेऱ्या कमी झाल्याचा फायदा घेण्याची योग्य जागा दुसरी आहे. तेथील कंपन्या वर्षाला किती मैल मोटार चालेल, हेही विचारतात. तो आकडा जुनाच चालू ठेवला असेल, तर तो खरा करून द्यावा. दादाने कम्यूटिंग ठेवले, वहिनीच्या नावापुढेही ते असल्याची खात्री करून घेतली आणि मैलांचा आकडा आजच्या वापराप्रमाणे कमी केला. ज्यांनी कम्यूटिंग काढले आणि पुढे साहेबांनी परत बोलावले, त्यांनी आधी कंपनीला कळवून वर्ग बदलून घ्यावा आणि मगच किल्ली फिरवावी. मध्येच बदल केल्यास काही कंपन्या त्याचे शुल्क घेतात, म्हणून नूतनीकरणाची वेळच निर्णयाला बरी. मार्च २०२०मध्ये ब्रिटिश विमा कंपन्यांच्या संघटनेने साथीमुळे मोटारीने कामावर जावे लागणाऱ्यांना सवलत जाहीर केली होती. पण ती त्या काळापुरती होती. तिच्यावर आज विसंबू नये.

आपल्याकडे काय?

भारतात १९८८च्या मोटर वाहन कायद्याच्या कलम १४६ने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. आपल्या खाजगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात नोकरीच्या वाटेसाठी वेगळा वर्ग नाही. बेळगावहून उद्यमबागेत जा की धारवाडला जा, रोजची नोकरी त्यात येते. आपल्याकडची रेघ दुसरीकडे आखलेली आहे. भाड्याने किंवा मोबदला घेऊन प्रवासी नेणे, मालाची वाहतूक, शर्यती आणि मोटारींच्या धंद्यासंबंधीचा वापर या गोष्टी वगळलेल्या असतात. पांढऱ्या पाटीची मोटार घेऊन रोज माणशी भाडे आकारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. इंग्लंडच्या कायद्यात कलम १५०ने एक सोय ठेवली आहे. आठपर्यंत प्रवाशांच्या मोटारीत, प्रवासापूर्वी ठरवून, चालवण्याच्या खर्चापेक्षा अधिक न घेता पैसे वाटून घेतले, तर ते भाडे मानत नाहीत. आपल्याकडे सहकाऱ्यांकडून महिन्याचे ठराविक पैसे घेणाऱ्याने आपल्या कंपनीला लेखी विचारून घेणे शहाणपणाचे.

कमी चालणाऱ्या मोटारीसाठी आपल्याकडेही सोय झाली आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात 'जितके चालवाल तितके भरा' या प्रकारच्या जोडयोजनांना मुभा दिली. ज्यांची मोटार आठवडाभर दारातच उभी असते, त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

थोडक्यात सांगायचे तर, काटकसर करावी, पण ती खऱ्या उत्तरात बसणारी असावी. वाचकांनी आज घरी गेल्यावर कपाटातली फाइल काढावी, वापराच्या मर्यादेची ओळ शोधावी आणि घरात जो जो वाहन चालवतो त्याला ती वाचून दाखवावी. पाच मिनिटांचे काम आहे.