पोटदुखी मुलाची, घडी घराची

हुडकेश्वरसारख्या वस्तीत पोटदुखीचे मूल दाखवावयास सारे घर येते. प्रश्न मुलास विचारावा, तर उत्तर आई देते, पथ्य आजी ठरविते आणि वडील गप्प असतात. शारीरिक कारण तपासून वगळल्यावर आम्ही या घडीकडेच पाहतो. साल्वादोर मिनुचिन (१९२१–२०१७) यांची संरचनात्मक कुटुंबचिकित्सा हेच सांगते. पालक व मुले या उपगटांतील सीमा पुसट आहेत की ताठर, हे ती पाहते. चिकित्सक प्रथम घराच्या रीतीशी जुळवून घेतो; मग नेहमीचा वाद आपल्यासमोर घडू देतो आणि बसण्याच्या जागा बदलून आईवडिलांस परस्परांशी बोलते करतो. एकत्र कुटुंबात आजीचा अधिकार हा दोष नव्हे. वडीलधाऱ्यांच्या परस्परविरुद्ध आज्ञा हा दोष होय. तेच चूर्ण वारंवार नेणाऱ्या घरास औषधविक्रेत्यांनी वैद्यांकडे परत पाठवावे.