बायोडेटा कशात करावा?
बायोडेटा (नोकरीचा, लग्नाचा नव्हे) देखणा व्हावा म्हणून अनेकजण कॅनव्हाकडे वळतात. पण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो, माणूस नंतर. 2 रकाने, चौकटी, चित्रात बसवलेला मजकूर यांत तो गोंधळतो. शिक्षण अनुभवात मिसळून जाते. त्यापेक्षा वर्ड किंवा फुकटचे गूगल डॉक्स बरे: एकच रकाना, साधे मथळे. खात्री करायची तर पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम बिघडला, की मांडणी बदला. मराठीत लिहिताना कृतिदेव टाळा. तो युनिकोड नाही, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वर्डची फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरे दिसतात. लेटेक्स संशोधकांना शोभते, इतरांनी त्यापायी रात्री जागवू नयेत. ग्राफिक डिझायनरने मात्र खुशाल इलस्ट्रेटर उघडावे.