हायड्रेंजियाची निळाई

हायड्रेंजियाच्या फुलांचा निळा रंग मातीवर ठरतो. मातीचा सामू ५.५ किंवा त्याहून कमी, म्हणजे ती आम्लधर्मी असली, की तिच्यातील ॲल्युमिनियम विरघळून मुळांवाटे वर चढते. पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या निदलांतील रंगद्रव्याशी त्याचा संयोग होऊन निळा रंग येतो. सामू ६.५ च्या वर गेला की ॲल्युमिनियम मातीतच अडकते आणि तेच झाड गुलाबी फुलते. मधल्या पट्ट्यात जांभळी छटा येते. पांढऱ्या जातींचा रंग सहसा बदलत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात दोन्ही टोके सापडतात. शिरोळ, हातकणंगलेकडील काळ्या, चुनखडीच्या जमिनीत फूल गुलाबीकडे झुकते. राधानगरी, गगनबावड्याकडे मुसळधार पावसाने चुना धुऊन गेलेली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी असते. राधानगरीच्या पठारांवर तर ॲल्युमिनियमचे खनिज, बॉक्साइट, मिळते.

काळ्या जमिनीचा सामू उतरवणे अवघड, म्हणून तेथे कुंडी बरी. तीत जांभ्याची माती, कुजलेला पालापाचोळा आणि कोकोपीट भरावे. कळ्या धरण्यापूर्वी चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ॲल्युमिनियम सल्फेट विरघळवून ओल्या मातीला द्यावे. जास्त दिल्यास मुळे करपतात. गंधकानेही सामू उतरतो, पण त्याला काही महिने लागतात. विहिरीच्या जड पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी घालावे. राख, चुना, हाडांचे खत आणि सुपर फॉस्फेट टाळावे, कारण राख-चुन्याने सामू चढतो आणि बाकी दोन्हींतील स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवते. उमललेल्या फुलाचा रंग सहसा पालटत नाही. फरक पुढच्या बहरात दिसतो.