दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण
दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण : लोकसंख्येच्या अत्यल्प भागात आढळणाऱ्या, बहुधा आनुवंशिक व दीर्घकालीन रोगांचे निदान, उपचार व प्रतिबंध यांसाठी शासनाने आखलेली देशव्यापी योजना. दुर्मिळतेचे माप सर्वत्र एकच नाही. यूरोपीय संघात दर १०,००० व्यक्तींमागे ५ हून अधिक रुग्ण नसलेला रोग, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकूण २ लाखांहून कमी रुग्ण असलेला रोग दुर्मिळ मानतात. भारताच्या २०२१ च्या धोरणात अशी संख्यात्मक व्याख्या नाही. त्यात रोगांचे तीन गट केले आहेत : एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणारे, दीर्घकाळ परंतु तुलनेने अल्प खर्चाचे उपचार लागणारे आणि आजन्म अतिशय महाग उपचार लागणारे. २०२२ पासून नियुक्त केंद्रांत कोणत्याही गटातील रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक होय.

देशभराच्या सरासरीत दुर्मिळ वाटणारा रोग एखाद्या प्रदेशात नित्याचा असू शकतो. दात्र-कोशिका पांडुरोग (सिकलसेल) हे याचे उदाहरण होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचे सुमारे १ लाख रुग्ण असल्याने तेथे तो दुर्मिळ ठरतो. याउलट भिल्ल, पावरा, माडिया व परधान या जमातींत त्याच्या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे एस्. एल्. काटे यांच्या महाराष्ट्रातील पाहण्यांत आढळले. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असून त्यांत भिल्ल व पावरा प्रमुख आहेत. त्यामुळे शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावांच्या परिसरात हा प्राथमिक आरोग्यसेवेचाच प्रश्न ठरतो.

या रोगात हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील एका ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन येते. ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. तीव्र वेदना, पांडुरोग व वारंवार संसर्ग उद्‌भवतात. सदोष जनुक एकाच पालकाकडून आल्यास व्यक्ती केवळ वाहक असते व सामान्यतः निरोगी राहते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

महाराष्ट्रात या रोगाच्या नियंत्रणाचा कार्यक्रम २००८-०९ पासून राबविला जात आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल (मध्य प्रदेश) येथे राष्ट्रीय निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. प्राथमिक द्राव्यता चाचणीत दोष दिसल्यास विद्युत् संचारण वा अन्य पद्धतीने निश्चिती करतात, कारण पहिल्या चाचणीवरून वाहक व रुग्ण यांतील भेद कळत नाही. हायड्रॉक्सियूरिया हे औषध गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढवून वेदनांचे झटके कमी करते. मात्र ते घेणाऱ्याच्या रक्ताची नियमित तपासणी आवश्यक असते.

गोशे रोगासारख्या विकारांत मोजक्या रुग्णांसाठी महाग एंझाइम लागते. तेथे महानगरातील तज्ञ केंद्र उपयुक्त ठरते. दात्र-कोशिका पांडुरोगात मात्र औषध व चाचणी रुग्णाच्या गावाजवळ सातत्याने मिळणे निर्णायक असते. विवाहपूर्व समुपदेशनात वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे स्पष्ट करणे व तपासणीचा निष्कर्ष गुप्त राखणेही तितकेच आवश्यक आहे. अन्यथा वाहक मुलींना विवाहात नाकारले जाण्याच्या भीतीने कुटुंबे तपासणी टाळतात. म्हणून राष्ट्रीय धोरणात रोगाच्या देशव्यापी प्रमाणाबरोबरच त्याच्या प्रादेशिक वाटणीचाही विचार अपरिहार्य ठरतो.