आपली वही आपणच आंखावी



आज ज्या विषयासंबंधीं मी आपणांशीं बोलणार आहें, त्याचें नांव ऐकून हा शहरांतील संगणक-पंडितांचा विषय असावा, असा आपला समज होण्याचा संभव आहे. 'नो-कोड' हें तें नांव. संगणकाला ज्या लिखित भाषेंत आज्ञा द्याव्या लागतात, तिला कोड म्हणतात. ती भाषा नीट शिकण्यास बराच काळ लागतो, आणि ती जाणणारा मनुष्य पदरीं ठेवण्यास द्रव्य लागतें. ती न लिहितां, केवळ पडद्यावर तक्ते आंखून व रकाने ठरवून, माहितीचा सांठा ठेवणारें आणि इंटरनेटवरून अनेकांना एकाच वेळीं वापरतां येणारें काम संगणकाकडून करवून घेण्याचीं साधनें आतां निघालीं आहेत. त्यांना हें नांव पडलें आहे.

यवतमाळहून अमरावतीस जाणाऱ्या वाटेवर आपलें नेर आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांचा हा मुलूख. शेतकऱ्यांचा गट असो, बायकांचा बचतगट असो, कीं एकादें वाचनालय असो, त्याचा व्यवहार वहीवर चालतो. जेथें वही आहे, तेथें हा विषय आहे. म्हणून तो नेरच्या श्रोत्यांसमोर मांडण्यास मला संकोच वाटत नाहीं.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय, हें पाहूं. शब्द नवा असला तरी वस्तु जुनी आहे, आणि तिचा उत्तम नमुना प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. तो म्हणजे तलाठ्याचें दप्तर. गांव नमुना सात ह्यांत कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क आहे, हें लिहिलेलें असतें. नमुना बारा ह्यांत त्या जमिनींत कोणतें पीक आहे, ह्याची नोंद असते. ह्या दोहोंचा उतारा तोच आपला सातबारा. आठ-अ ह्या नमुन्यांत एका खातेदाराच्या नांवावरील सर्व जमिनी एकत्र दाखविलेल्या असतात. आणि नमुना सहा ही फेरफाराची वही, हक्कांत बदल केव्हां व कशामुळें झाला, हें सांगणारी. हे चारहि नमुने निरनिराळे आहेत. परंतु गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक ह्या तीन आंकड्यांनीं ते एकमेकांशीं बांधलेले आहेत. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नांवापाशीं जो फेरफाराचा आंकडा असतो, तो धरून गेलें म्हणजे ती जमीन त्याच्याकडे कशी आली, हें कळतें. दर वर्षीं पीक बदललें तरी हक्काची नोंद पुन्हां लिहावी लागत नाहीं. एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी, व इतर ठिकाणीं तिचा केवळ क्रमांक द्यावा, हेंच डेटाबेसाच्या शास्त्राचें मूळ सूत्र होय.

हें सूत्र गणिताच्या भाषेंत प्रथम मांडलें तें एडगर कॉड ह्या इंग्लंडांत जन्मलेल्या गणितज्ञानें. अमेरिकेंतील आयबीएम कंपनींत असतांना १९७० सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, माहिती साध्या तक्त्यांच्या रूपानें ठेवावी, आणि ती यंत्राच्या पोटांत कशी रचली आहे, हें जाणण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर असूं नये. उतारा मागणाऱ्या शेतकऱ्याला दप्तर कोणत्या कपाटांत आहे हें ठाऊक असावें लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. त्याच दशकांत त्याच कंपनींतील मोशे झ्लूफ ह्यानें पुढचें पाऊल टाकलें. प्रश्न विचारणाऱ्यानें भाषा शिकूं नये. एक रिकामा तक्ता घ्यावा, त्यांत आपणांस काय हवें तें नमुन्यादाखल भरावें, आणि यंत्रानें त्याशीं जुळणाऱ्या ओळी काढून द्याव्या, अशी त्याची योजना होती. आजच्या नो-कोड साधनांचें मूळ तेथें सांपडतें. पुढें १९९२ सालीं मायक्रोसॉफ्टचें ॲक्सेस निघालें, आणि तक्ते व फॉर्म आंखण्याची ही कला घरगुती संगणकावर आली. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर चेन्नईच्या झोहो कंपनीचें क्रिएटर, गूगलनें २०२० सालीं विकत घेतलेलें ॲपशीट, एअरटेबल, तसेंच स्वतःच्या संगणकावर मांडतां येणारीं बेसरो व नोकोडीबी, अशीं अनेक साधनें पुढें आलीं.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, नेर तालुक्यांतील एका गांवीं चाळीस शेतकऱ्यांनीं गट केला. सभासदांनीं वेचणीचा कापूस एका ठिकाणीं आणावा, काट्यावर वजन करावें, सर्वांचा माल एकदम जिनिंगला विकावा, आणि आलेली रक्कम वजनाप्रमाणें वांटून द्यावी, असा त्यांचा बेत आहे. हिशेब ठेवणारा गृहस्थ मोठी वही आंखतो आणि प्रत्येक वेळीं तींत तारीख, नांव, वजन व दिलेले रुपये लिहितो. पहिल्या वेच्यास सर्व ठीक चालतें. तिसऱ्या वेच्यापर्यंत असें होतें कीं, गांवांत रामराव नांवाचे दोन सभासद आहेत. एक नोंद 'रामराव' अशी आहे, दुसरी 'रामरावजी' अशी, आणि तिसरींत केवळ आडनांव आहे. बेरीज करतांना कोणाचा क्विंटल कोणाच्या नांवावर गेला, हें सांगणें कठीण. असें झालें म्हणजे तंटा होतो, आणि गट मोडतो.

नो-कोड साधनानें हेंच काम करावयाचें, तर वही एक नसून तीन असाव्या. पहिली सभासदांची; तींत प्रत्येकाचें नांव एकदांच लिहावें व त्याला एक क्रमांक द्यावा. दुसरी आवकेची, तींत तारीख, वजन आणि सभासदाचा क्रमांक. तिसरी चुकतीची, तींत तारीख, रक्कम आणि पुन्हां तोच क्रमांक. पडद्यावर प्रत्येक तक्त्याला नांव द्यावयाचें, आणि प्रत्येक रकान्यांत काय बसेल हें ठरवावयाचें: येथें फक्त आंकडा, येथें फक्त तारीख, येथें फक्त सभासदांच्या यादींतून निवड. मग दुसऱ्या व तिसऱ्या तक्त्याचें नातें पहिल्याशीं जोडावयाचें. एवढें केलें कीं काट्याजवळ उभा असलेला मनुष्य मोबाईलवर यादींतून नांव निवडतो व वजन भरतो. नांव लिहिण्याचा प्रश्नच उरत नाहीं. कोणाचा किती माल आला, किती रक्कम दिली, किती देणें राहिलें, हें यंत्र आपोआप मांडतें, आणि सभासद आपलें खातें आपल्या मोबाईलवर पाहूं शकतो. ॲपशीटसारख्या साधनांत शिवारांत इंटरनेट मिळत नसतांनाहि नोंद करतां येते, आणि संबंध जुळतांच ती मूळ सांठ्यांत जाऊन बसते.

ह्यांत कोडची एकहि ओळ लिहावी लागली नाहीं. परंतु विचार करावा लागला नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. पुढचाच प्रश्न पाहा. जमीन बाईच्या नांवावर आहे, कापूस तिचा नवरा आणतो, सभासद कोण? शेत बटईनें केलेलें आहे, घाम गाळणारा निराळा आणि सातबाऱ्यावरील नांव निराळें, नोंद कोणाची? सभासदाच्या तक्त्यांत जर 'गट क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय पुढें जातांच येणार नाहीं, असा नियम घातला, तर बटईदार त्या गटांतून त्याच क्षणीं नाहींसा होतो. त्याला कोणी बाहेर काढलें नाहीं, केवळ त्याच्यासाठीं जागा आंखली नाहीं. वहीचे रकाने आंखणें म्हणजे कोण मोजला जाईल हें ठरविणें होय. हा निर्णय कोणतेंहि साधन आपल्यासाठीं करीत नाहीं. तो गटाच्या सभेंतच व्हावयास हवा.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. अंगणवाड्यांच्या कामाची नोंद मोबाईलवर ठेवण्यासाठीं केंद्र सरकारनें जी पहिली व्यवस्था केली, ती कॉमकेअर नांवाच्या साधनावर उभारलेली होती. आणि कॉमकेअरमध्यें प्रश्न व फॉर्म हे कोड न लिहितां रचतां येतात. महाराष्ट्र हें ती व्यवस्था वापरणाऱ्या राज्यांपैकीं एक होतें. २०२१ च्या मार्चपासून तिच्या जागीं पोषण ट्रॅकर हें नवें ॲप आलें. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत महाराष्ट्रांतील ठिकठिकाणच्या अंगणवाडी सेविकांनीं सरकारनें दिलेले मोबाईल परत केले. मोबाईलची शक्ति अपुरी आहे, आणि ज्या ॲपमध्यें माहिती भरावयाची तें मराठींत नाहीं, ह्या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. ज्या बाईला गांवांतलें प्रत्येक मूल नांवानिशीं ठाऊक, तिनें त्या मुलाचें वजन परक्या भाषेंतील चौकटींत भरावें, अशी ही अपेक्षा.

येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, पहिली व्यवस्था नो-कोड साधनावर होती, म्हणून कांहीं तिच्यांतले रकाने सेविकेच्या हातीं आले नव्हते. ते वर ठरत. नो-कोडचें खरें सामर्थ्य कोड टळण्यांत अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें, ज्याला काम कळतें त्यालाच वही आंखण्याचा व बदलण्याचा अधिकार मिळण्यांत आहे. साधन आलें आणि अधिकार आला नाहीं, तर पूर्वीची वही तेवढी पडद्यावर गेली, असेंच म्हणावें लागेल.

आतां ह्या साधनांचे धोके. पहिला, परावलंबनाचा. वही कपाटांत असली म्हणजे ती आपली असते. ह्या साधनांतील माहिती बहुधा दूरच्या कंपनीच्या संगणकावर असते. गूगलनेंच ॲप मेकर नांवाचें असें एक साधन चालविलें होतें. तें १९ जानेवारी २०२१ रोजीं बंद करण्यांत आलें, आणि त्यावर ज्यांनीं आपलें काम उभारलें होतें त्यांना तें अन्यत्र नव्यानें मांडावें लागलें. शिवाय फुकट मिळणाऱ्या भागाला ओळींची वा माणसांची मर्यादा असते. काम वाढलें कीं महिन्याकांठीं पैसे मोजावे लागतात. म्हणून दर महिन्यास सर्व तक्ते साध्या फाइलींत उतरवून स्वतःजवळ ठेवावे. जें साधन असें उतरवूं देत नाहीं, तें घेऊंच नये.

दुसरा धोका, उघड्या दाराचा. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांतच असें उघडकीस आलें कीं, मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स ह्या साधनानें बनविलेल्या अनेक संकेतस्थळांवरील सुमारें ३ कोटी ८० लक्ष नोंदी कोणासहि वाचतां येत होत्या. ह्यांत कोणी चोरी केली नव्हती कीं कुलूप फोडलें नव्हतें. कोणता तक्ता कोणी पाहावा, ही परवानगी बनविणाऱ्यानें आपण होऊन लावावयाची होती, आणि ती अनेकांनीं लावलीच नव्हती. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनें ती परवानगी आरंभापासूनच लागू असावी, असा बदल केला. आपल्या देशांतहि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ सालीं मंजूर झाला आहे. सभासदांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक आणि कर्जाची माहिती ह्या गोष्टी गरज नसल्यास गोळाच करूं नयेत. केल्यास त्या कोणाला दिसाव्या, हें पहिल्याच दिवशीं ठरवावें.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनीं प्रथम कागद व पट्टी घ्यावी. आपल्या कामांत कोणत्या वस्तु आहेत, कोणतीं माणसें आहेत, कोणत्या घटना वारंवार घडतात, ह्यांचा एकेक तक्ता आंखावा, आणि कोणता क्रमांक कोणत्या तक्त्यांत जातो, तेथें बाण काढावा. तो कागद सभेंत सर्वांसमोर ठेवून विचारावें कीं, ह्यांत आपल्यापैकीं कोणाला जागा नाहीं? मगच संगणकाकडे वळावें. आणि पहिला एक हंगाम कागदी वही सोबत चालूं द्यावी. दोन्हीकडच्या बेरजा जुळल्या म्हणजे कागदी वही बंद करण्यास हरकत नाहीं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या योगानें, पूर्वीं तलाठी करीत असे ती पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावी, ही पद्धति राज्यभर सुरू झाली. नोंद भरण्याचें काम अशा रीतीनें आपल्या हातीं आलेंच आहे. तिचे रकाने आंखण्याचें कामहि, निदान आपल्या गटापुरतें व आपल्या गांवापुरतें, आतां आपणांस शक्य झालें आहे. त्यासाठीं यंत्राची भाषा यावयास नको. आपलें काम व आपलीं माणसें नीट ठाऊक असावीं लागतात. नेरच्या तरुणांनीं येत्या वेचणीपूर्वीं एक कागद आंखून पाहावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.