गेलेलं हाड परत येतं का?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: अपघातात हाडाचा तुकडाच गेला, तर स्टेम सेलनं तो पुन्हा येतो का?

साधं मोडलेलं हाड आपलं आपण जुळतं. पण चार-पाच सेंटीमीटरचा तुकडाच नाहीसा झाला, तर दोन्ही टोकांना एकमेकांपर्यंत पोचता येत नाही. अशा वेळी सर्जन कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून तिथं बसवतात. आजही भरवशाचा उपाय हाच. मात्र तिथून हाड मिळतं बेताचंच, आणि काहींची पायाची जखम बरी झाली तरी कमर दुखत राहते.

म्हणून दुसरी वाट. हाडात असतं तसंच खनिज, हायड्रॉक्सिॲपटाइट, घेऊन त्याचा सच्छिद्र ठोकळा बनवायचा. हा स्कॅफोल्ड. कुणी त्याला परांची म्हणतं. मला दोडक्याच्या वेलीचा मांडव जवळचा वाटतो. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्या मांडवावर सोडायच्या. इटलीतल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांवर हे केलं आणि 2001 मध्ये प्रसिद्ध केलं. 4 ते 7 सेंटीमीटरची तूट होती. हाड जुळलं, सहा-सात वर्षांनीही टिकलेलं दिसलं. मांडव मात्र विरघळायचा तसा विरघळला नाही. शिवाय पेशींविना नुसता ठोकळा बसवलेले रुग्ण तुलनेला नव्हते, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं, हे त्यातून ठरत नाही.

खरी अडचण रक्ताची आहे. रक्तवाहिनीपासून सुमारे 0.2 मिलिमीटरच्या पलीकडे प्राणवायू नीट पोचत नाही, आणि ठोकळा तर काही सेंटीमीटरचा! केशवाहिन्या आत शिरेपर्यंत मधल्या पेशी मरून जातात. छिद्रं एकमेकांना जोडलेली असावी लागतात ती याचसाठी. विडी-सिगारेट आधी बंद करा, असं सर्जन बजावतात, त्यालाही रक्तपुरवठा हे एक कारण आहेच.

आता पैशाचं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे ठरावीक उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या असतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. तो मिळेपर्यंत शेत विकायला काढू नका.