बिटकॉइन वॉलेट फाइलची सत्यता-पडताळणी

बिटकॉइन वॉलेट फाइलची सत्यता-पडताळणी म्हणजे जुन्या संगणकावर, हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर सापडलेल्या, अथवा कोणाकडून विकत मिळालेल्या वॉलेट फाइलमध्ये संबंधित पत्त्यांच्या खासगी किल्ल्या खरोखर आहेत की नाहीत, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. बिटकॉइनच्या मूळ आज्ञावलीत, म्हणजे पुढे ‘बिटकॉइन कोअर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या आज्ञावलीत, ही माहिती ‘वॉलेट.डॅट’ नावाच्या फाइलमध्ये साठवली जाते. फाइलला परवलीच्या शब्दाचे संरक्षण नसेल तर प्रश्न थोडक्यात सुटतो. संरक्षण असेल, तर परवलीचा शब्द मिळेपर्यंत ती फाइल खोटी असल्याचे अनेकदा सिद्ध करता येते, पण खरी असल्याचे निर्विवादपणे सिद्ध करता येत नाही. बनावट वॉलेट फाइलींचा व्यापार या असमतोलावरच उभा आहे.

पार्श्वभूमी

वॉलेट या नावामुळे फाइलमध्ये नाणी असतात असा समज होतो. प्रत्यक्षात नाण्यांची नोंद सर्वांना पाहता येणाऱ्या ब्लॉकचेन या खातेवहीत असते आणि फाइलमध्ये केवळ ती नाणी खर्च करण्याचा अधिकार देणाऱ्या किल्ल्या असतात. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत हे कोणालाही दिसते. त्यामुळे मोठी शिल्लक असलेला पत्ता माहीत असणे आणि त्याची किल्ली जवळ असणे यांत काहीही संबंध नाही. काही पत्ते तर असे आहेत की त्यांची किल्ली कोणाकडेही नसावी. ‘बिटकॉइन ईटर’ या नावाने प्रसिद्ध असलेला पत्ता किल्लीपासून न बनवता वाचता येणाऱ्या अक्षरांची जुळणी करून तयार केलेला आहे. तरीही त्यावर लोकांनी नाणी पाठवलेली दिसतात.

जानेवारी २००९ ते नोव्हेंबर २०१२ या काळात प्रत्येक ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळत आणि घरगुती संगणकावरही ते मिळवणे सुरुवातीला शक्य होते. त्यामुळे विसरलेल्या जुन्या फाइली खरोखरच अस्तित्वात आहेत. वेल्समधील न्यूपोर्ट येथील जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि तिच्या शोधासाठी त्यांनी नगर परिषदेविरुद्ध न्यायालयीन लढा दिला, हे उदाहरण सर्वज्ञात आहे. अशा खऱ्या कहाण्यांमुळेच बनावट फाइलींवर विश्वास बसतो. मृत नातेवाइकाच्या संगणकात फाइल सापडलेल्या वारसापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. परवलीचा शब्द शोधून देणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी त्या फाइलमध्ये शोधण्यासारखे काही आहे का, हे त्याला आधी जाणून घ्यावे लागते.

फाइलची रचना

वॉलेट.डॅट ही दीर्घकाळ ‘बर्कली डीबी’ या विदासंचाच्या स्वरूपात साठवली जात असे. अशा फाइलमध्ये पहिल्या १२ बाइटनंतर षोडशमान पद्धतीतील ६२, ३१, ०५, ०० हे चार बाइट आढळतात. जानेवारी २०२१ मधील ०.२१ या आवृत्तीपासून ‘एसक्यूलाइट’ स्वरूपातील वॉलेटेही तयार करता येऊ लागली. त्यांच्या प्रारंभीच ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ हे शब्द इंग्रजीत असतात. ही खूण नसलेली फाइल एक तर बिघडलेली असते किंवा वेगळ्याच प्रकारची असते. खूण असणे मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण बनावट फाइलही त्याच आज्ञावलीने तयार केलेली असते.

सप्टेंबर २०११ मधील ०.४ या आवृत्तीपासून खासगी किल्ल्या कूटबद्ध करण्याची सोय झाली. तेव्हा आज्ञावली एक ३२ बाइटची मुख्य किल्ली यादृच्छिकपणे निर्माण करते. वापरकर्त्याचा परवलीचा शब्द आणि ८ बाइटचे यादृच्छिक ‘सॉल्ट’ एकत्र करून त्यावर शा-५१२ ही क्रिया किमान २५,००० वेळा केली जाते आणि निघालेल्या फळाने मुख्य किल्ली कुलूपबंद होते. ही नोंद ‘एमकी’ या नावाने फाइलमध्ये राहते. मुख्य किल्लीने पुढे प्रत्येक खासगी किल्ली वेगवेगळी कूटबद्ध केली जाते. तिची नोंद ‘सीकी’ होय. सीकी नोंदीत सार्वजनिक किल्ली उघड्या स्वरूपात असते आणि तिच्या शेजारी खासगी किल्लीचे ४८ बाइटचे कूटबद्ध रूप असते.

बनावटीची जागा नेमकी इथेच आहे. त्या ४८ बाइटमध्ये शेजारच्या सार्वजनिक किल्लीची जोडीदार किल्ली दडली आहे, की निरर्थक बाइट भरलेले आहेत, हे कुलूप उघडल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. चांगल्या कूटलेखनाचा गुणच असा की त्याचे फळ यादृच्छिक बाइटांपासून वेगळे ओळखू येत नाही. प्रामाणिक मालकाचे रक्षण करणारा हा गुण बनावट करणाऱ्यालाही आडोसा देतो.

बनावटीचे प्रकार

सर्वांत सोपा प्रकार ‘केवळ पाहण्यापुरत्या’ पत्त्याचा आहे. फेब्रुवारी २०१५ मधील ०.१० आवृत्तीपासून कोणताही पत्ता, किल्ली नसतानाही, वॉलेटमध्ये नोंदवून त्याची शिल्लक पाहता येते. ही सोय हिशेब ठेवण्यासाठी आहे. मात्र अशा फाइलचा शिल्लक दाखवणारा पडदा अनभिज्ञ ग्राहकास दाखवला की त्याला हजारो बिटकॉइन दिसतात. आज्ञावली ही शिल्लक वेगळ्या रकान्यात दाखवते, आणि तो रकाना वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

दुसऱ्या प्रकारात सीकी नोंदीतील मूळ सार्वजनिक किल्ली पुसून तिथे श्रीमंत पत्त्याची सार्वजनिक किल्ली घातली जाते. फाइल उघडल्यावर आज्ञावली सार्वजनिक किल्लीवरून पत्ता काढते, तो पत्ता ब्लॉकचेनवर शोधते आणि शिल्लक दाखवते. वॉलेट कुलूपबंद असल्याने जोडी जुळते का, हे त्या वेळी तपासता येत नाही. काही वेळा व्यवहारांच्या नोंदीच फाइलमध्ये भरलेल्या असतात, जेणेकरून ब्लॉकचेनशी जुळवणी न केलेल्या संगणकावरही शिल्लक दिसावी.

परवलीचा शब्द शोधणाऱ्या ‘हॅशकॅट’सारख्या आज्ञावलींना फक्त एमकी नोंद लागते. सीकी नोंदींकडे त्या पाहतही नाहीत. त्यामुळे शब्द सापडला तरी त्यातून एवढेच सिद्ध होते की एमकी नोंद कोणत्या तरी खऱ्या वॉलेटातील आहे. महिनोन्महिने यंत्रे चालवून शब्द हाती यावा आणि बाहेर पडलेली किल्ली पत्त्याशी जुळू नये, असा शेवट यात संभवतो. निरनिराळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन फाइलींत एमकी नोंद आणि तिचे सॉल्ट एकसारखे आढळले, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या आहेत हे नक्की, कारण स्वतंत्रपणे निर्माण झालेली दोन सॉल्टे योगायोगाने जुळणे व्यवहारतः अशक्य आहे.

पत्ता आणि सार्वजनिक किल्ली यांची जुळणी

पारंपरिक पत्ता हा सार्वजनिक किल्लीवर शा-२५६ आणि त्यानंतर राइपएमडी-१६० या क्रिया करून मिळतो. ही वाट एकेरी आहे. पत्त्यावरून सार्वजनिक किल्ली काढता येत नाही. पत्त्यावरून पहिला खर्च होतो तेव्हाच त्याची सार्वजनिक किल्ली ब्लॉकचेनवर उघड होते. म्हणून फाइलमधील प्रत्येक सार्वजनिक किल्लीपासून पत्ता काढून तो दाव्यातील पत्त्याशी ताडून पाहणे आणि मग ‘या पत्त्यावरून पूर्वी कधी खर्च झाला होता का’ हे ब्लॉकचेनवर पाहणे, ही दोन पावले कुलूपबंद फाइलच्या तपासात सर्वांत उपयुक्त ठरतात.

कधीच खर्च न झालेल्या पत्त्याची बिनचूक सार्वजनिक किल्ली फाइलमध्ये असेल, तर तो बळकट पुरावा मानावा लागतो, कारण ती किल्ली बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक असू शकत नाही. मार्च २०११ मध्ये माउंट गॉक्स या विनिमय केंद्रातून चोरीस गेलेले सुमारे ७९,९५७ बिटकॉइन ज्या ‘१फीक्स’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर गेले, तेथून दशकाहून अधिक काळ काहीही खर्च झालेले नाही. त्या पत्त्याची वॉलेट फाइल असल्याचा दावा या कसोटीवर तत्काळ तपासता येतो.

याउलट उदाहरण ‘१एचक्यू३’ने सुरू होणाऱ्या पत्त्याचे आहे. सिल्क रोड या अवैध बाजारपेठेशी जोडल्या गेलेल्या या पत्त्यावर सुमारे ६९,३७० बिटकॉइन होते आणि त्याची म्हणून एक वॉलेट फाइल परवलीचा शब्द फोडू पाहणाऱ्यांच्या वर्तुळात फिरत होती. परंतु एप्रिल २०१५ मध्ये या पत्त्यावरून सुमारे १०१ बिटकॉइन खर्च झाले होते. त्या दिवसापासून सार्वजनिक किल्ली सर्वांसाठी खुली झाली आणि अशी फाइल कोणालाही बनवता येऊ लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये ही सर्व नाणी अमेरिकी सरकारने ताब्यात घेतली. अशी फाइल खरी असो वा खोटी, त्यानंतर ती विकत घेणाऱ्याच्या हाती पडला असता तो रिकामा पत्ता.

२००९ मधील पहिल्या ब्लॉकांतील ५० बिटकॉइनचे पुरस्कार तर पत्त्याऐवजी थेट सार्वजनिक किल्लीच्याच नावे नोंदवलेले आहेत. ‘सातोशीचे वॉलेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फाइलींची बनावट म्हणूनच विशेष सोपी ठरते.

कालविसंगती

जुन्या हस्तलिखिताचा काळ जसा कागद आणि शाईवरून ताडला जातो, तसा वॉलेट फाइलचा काळ तिच्यातील नोंदींच्या प्रकारांवरून ताडता येतो. मार्च २०१२ मधील ०.६ आवृत्तीपूर्वी बिटकॉइनची आज्ञावली ६५ बाइटची सार्वजनिक किल्ली वापरत असे. त्यानंतर ३३ बाइटचे संक्षिप्त रूप आले. दोन्ही रूपांपासून मिळणारे पत्ते भिन्न असतात. त्यामुळे २०१० मध्ये नाणी जमा झालेल्या पत्त्याची किल्ली फाइलमध्ये ३३ बाइटची असेल, तर दावा टिकत नाही. एकाच बीजापासून सर्व किल्ल्या काढणारी श्रेणीबद्ध वॉलेटे ऑगस्ट २०१६ मधील ०.१३ आवृत्तीत आली, तर ‘बीसी१’ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना वॉलेटात पूर्ण आधार फेब्रुवारी २०१८ मधील ०.१६ आवृत्तीत मिळाला.

या कसोटीला एक मर्यादा आहे. जुनी खरी फाइल नंतरच्या आवृत्तीत उघडली गेली असल्यास तिच्यात नव्या नोंदींची भर पडते. म्हणून नवी नोंद आढळली एवढ्यावरून फाइल खोटी ठरवता येत नाही. नाणी असलेल्या त्याच पत्त्याची किल्ली कालविसंगत आहे का, हे पाहावे लागते. संगणक दाखवतो तो फाइलचा दिनांक तर कोणासही बदलता येतो, आणि पुरावा म्हणून त्याला काहीच किंमत नाही. उलट ०.४ आवृत्तीतील एका दोषामुळे कूटबद्ध केल्यानंतरही जुन्या उघड्या किल्ल्या फाइलच्या रिकाम्या भागात शिल्लक राहत असत. त्या काळातील अस्सल फाइलच्या मालकाला हा दोष आज उपकारक ठरू शकतो.

स्वाक्षरीची कसोटी

निर्णायक पुरावा एकच आहे: तपासणाऱ्याने त्याच वेळी सुचवलेल्या मजकुरावर त्या पत्त्याच्या खासगी किल्लीने केलेली अंकीय स्वाक्षरी. अशी स्वाक्षरी करताना किल्ली उघड होत नाही आणि नाणीही हलत नाहीत. मजकूर नवा असण्याला महत्त्व आहे. मे २०१६ मध्ये आपणच सातोशी नाकामोतो असल्याचा दावा करताना क्रेग राइट यांनी प्रसिद्ध केलेली स्वाक्षरी खऱ्या किल्लीची होती. पण ती २००९ मधील एका जुन्या व्यवहारातून उचललेली असल्याचे जाणकारांनी थोड्याच वेळात दाखवून दिले. पुढे फ्लोरिडातील खटल्यात त्यांचे म्हणून सादर झालेल्या यादीतील १४५ पत्त्यांवरून मे २०२० मध्ये एक संदेश स्वाक्षरीसह प्रसिद्ध झाला. राइट हे खोटे बोलत असून या संदेशावर सही करण्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे नाहीत, असा त्याचा आशय होता. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने राइट हे सातोशी नसल्याचा निर्णय दिला.

पडद्याच्या छायाचित्राला या तुलनेत काहीही मोल नाही. महाराष्ट्रात याचा प्रत्यय गेनबिटकॉइन प्रकरणात आला. या प्रकरणाच्या तपासात साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटांतील शिल्लक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोपही त्यात होता.

हाताळणीतील दक्षता

मूळ साधनाला हात न लावता त्याची प्रत काढून, जाळ्याशी न जोडलेल्या संगणकावर तपासणी करण्याची पद्धत आहे. विकत मिळालेल्या फाइलींबाबत ही काळजी अधिकच आवश्यक ठरते, कारण पुष्कळदा फाइल हे निव्वळ आमिष असते. तिच्यासोबत दिलेली ‘उघडण्याची’ आज्ञावली ग्राहकाच्या संगणकावरील खरी वॉलेटे चोरते. परवलीचा शब्द शोधून देतो असे सांगणाऱ्यास संपूर्ण फाइल देण्याची गरज नसते. केवळ एमकी नोंदीतील माहिती वेगळी काढून दिली तर तो शब्द शोधू शकतो, पण नाणी उचलू शकत नाही.

सापडलेली फाइल खरी निघाली तरी ती सापडणाऱ्याची होत नाही. दुसऱ्याची सापडलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःची करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे, आणि परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकातील माहिती काढून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ च्या कक्षेत येते.

बीजशब्दांची फसवणूक

वॉलेट फाइलऐवजी १२ किंवा २४ बीजशब्दांची यादी ‘सापडण्या’चा प्रकारही रूढ झाला आहे. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक सूचीतून येतात आणि शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो; सूचीतून अंदाजे उचललेले १२ शब्द त्या पडताळणीत सरासरी १६ पैकी एकदाच टिकतात. तथापि सर्वांत घातक सापळ्यात शब्द खरे असतात. ट्रॉन जाळ्यावरील अशा वॉलेटात डॉलरशी निगडित नाणी दिसतात, मात्र ती हलवण्याच्या शुल्कापुरते ट्रॉन त्यात नसते. सापडणारा स्वतःचे ट्रॉन शुल्कासाठी तेथे पाठवतो आणि तेवढे लगेच दुसरीकडे वळवले जाते. वॉलेटाचे नियंत्रण आधीच दुसऱ्या किल्लीकडे सोपवलेले असल्याने दिसणाऱ्या रकमेला त्याला हात लावता येत नाही. ही व्यवस्था ब्लॉकचेनवरील त्या खात्याच्या परवानग्यांच्या नोंदीत, पैसे पाठवण्यापूर्वीही, पाहता येते.